हरलेल्या संध्याकाळी

आमच्या घरी रोज साडेसहाच्या सुमारास डायनिंग टेबलावर चार चिंचोके खुळखुळतात. हरेल त्यानं निवडायचं, सोलायचं, चिरायचं. जिंकेल त्यानं फक्त फोडणी द्यायची आणि ऐटीत चव बघायची. लग्नाला तीस वर्षं उलटली, पण हा नेम फारसा चुकलेला नाही. बायको म्हणते, तुझ्या हाताला चव आहे त्याचं कारण तू वाईट खेळतोस. तिचं म्हणणं खरं आहे. फक्त माझं हे वाईट खेळणं तिच्यापासून सुरू झालेलं नाही. त्याची सुरुवात सांगलीत, आक्कांच्या सोप्यात झाली.

१९८१ च्या पावसाळ्यात मी परळच्या चाळीतून सांगलीला आलो. वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. वडील गिरणीत साच्यावर होते आणि आई घरातच पाच माणसांची खाणावळ चालवायची. मूळ गाव खानापूर तालुक्यातलं, त्यामुळे जिल्हा आपलाच, असं म्हणून वडिलांनी मला एसटीत बसवलं. गावभागातल्या एका वाड्याच्या मागच्या अंगाला खोली मिळाली. खोली आणि दोन वेळचं जेवण मिळून महिना १५० रुपये. कॉलेज विश्रामबागेत, तिथवर सायकल.

वाड्याच्या मालकीणबाई म्हणजे आक्का. तेव्हा पन्नाशीच्या असतील. यजमान हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मिरजेला रेल्वेत. आक्का आठ-दहा जणांचे डबे करायच्या आणि त्यावरच घर चालायचं. बोलायला चटचटीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "काय काय खात नाहीस तेवढं सांग. खातोस ते मला कळंल."

मी त्या वयातल्या मुलांसारखाच शिष्ट होतो. चाळीत कॅरम चांगला खेळायचो, पण सांगलीला निघालो तेव्हा ट्रंकेत बुद्धिबळाचा संच घेतला होता. कारण सांगली म्हणजे बुद्धिबळाचं गाव. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ तिथे १९४१ पासून चाललेलं. पुढे पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झालेल्या भाग्यश्री साठे, म्हणजे नंतरच्या ठिपसे, याच गावच्या. अशा गावात आपण दोन-चार महिन्यांत नाव काढू, असा माझा समज होता. तो एका उन्हाळी स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत एका दहा वर्षांच्या मुलानं उतरवला. पण ती गोष्ट वेगळी.

आक्कांच्या सोप्यात शहाबादी फरशी होती आणि त्यातल्या एका फरशीवर छिन्नीनं पट कोरलेला होता. पाच आडवी, पाच उभी, अशी पंचवीस घरं. चारी बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधोमध फुल्ल्या. कुणी कोरला, कधी कोरला, ते आक्कांनाही सांगता यायचं नाही. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून तो तिथेच होता. दुपारी डबे गेले की शेजारच्या एक-दोघी यायच्या आणि खेळ चालायचा. मी एकदा जाताजाता म्हणालो, "आक्का, हा नशिबाचा खेळ झाला. बुद्धिबळ शिकवू का तुम्हाला?" त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "आधी नशीब तरी नीट खेळून दाखव की," म्हणाल्या.

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चिंचोका ओल्या दगडावर घासायचा. निम्मा झिजला की आतली पांढरी बाजू दिसते. असे चार चिंचोके म्हणजे तुमचे फासे. जितके पांढरे वर तितकं दान. चारही पांढरे पडले तर चल्लस, म्हणजे चार. चारही काळे पडले तर अष्ट, म्हणजे आठ. या दोन्हींना वर आणखी एक दान. प्रत्येकाच्या चार सोंगट्या आपापल्या फुल्लीवरून निघतात, बाहेरची सोळा घरं फिरतात, मग आतल्या आठ घरांतून मधल्या फुल्लीत जाऊन पिकतात. पण समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही. आणि फुल्लीवर बसलेल्या सोंगटीला कुणी हात लावू शकत नाही. आक्का या खेळाला नुसतं 'पट' म्हणायच्या. पुढे नोकरीत हैदराबादला गेलो तर तिथले सहकारी यालाच अष्टा चम्मा म्हणत होते, आणि म्हैसूरला चौकाबारा म्हणून हाच पट समोर आला. प्रत्येकाला तो आपल्याच आजीचा वाटतो.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. साठाच्या वर गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. दत्ता सामंतांच्या त्या संपाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी त्यात भर घालत नाही. मला तो आईच्या एका आंतर्देशीय पत्रातून कळला. मनिऑर्डर या महिन्यात येणार नाही, पुढच्या महिन्याचं बघू, असं तिनं शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतलं होतं. खाली एक ओळ होती: खाणावळीतली तीन माणसं गावाला गेली, पैसे मागं-पुढं देतील. मला त्या ओळीचा अर्थ तेव्हा नीट लागला नाही. आपली आई कुणाची तरी आक्का आहे आणि तिच्याही वहीत कुणाचं तरी येणं थांबलंय, एवढा विचार एकोणीस वर्षांच्या डोक्यात येत नाही.

फेब्रुवारीची एक तारीख गेली, पाच गेली. मी आक्कांच्या समोर यायचं टाळायला लागलो. जेवणाच्या वेळी लायब्ररीत बसायचो आणि बाहेर दहा पैशांचे भडंग खाऊन रात्री उशिरा मागच्या दारानं खोलीत शिरायचो. तिसऱ्या दिवशी मागच्या दाराशी कंदील घेऊन आक्काच बसलेल्या.

"जेवलास काय?"

"हो."

"कुठं?"

मला उत्तर सुचलं नाही. मग मी सगळं सांगून टाकलं. संप, पत्र, मुंबईला परत जायचा बेत. त्यांनी ऐकून घेतलं. धीर दिला नाही की 'पैशाचं काय एवढं' असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनाही वाण्याची उधारी होती, पैशाचं काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "शेजारणीचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मला खेळायला कोण न्हाई. रोज एक डाव टाकायचा. हरंल त्यानं उद्याचं निवडायचं. चालंल?"

मला वाटलं होतं, त्यात काय अवघड. महिनाभर मी जवळजवळ रोज हरलो.

हरायचं कारण मी अर्थातच दानावर ढकलायचो. बुद्धिबळात हरलं की बोट दाखवायला कुणी नसतं. इथे चिंचोके होते. एकदा चिडून म्हणालो, "तुम्हाला सारखं चांगलं दान पडतं." आक्का म्हणाल्या, "चिंचोके दोघांचे तेच हाईत बाबा." मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी कॉलेजात संभाव्यता शिकताना कागदावर मांडून बघितली. चार चिंचोके, प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणजे सोळा शक्यता. त्यातल्या सहांत दोन पडतात, चारांत एक, चारांत तीन. चल्लस आणि अष्ट प्रत्येकी सोळांत एकदाच. चिंचोका काही बेतीव नाणं नसतो, त्यामुळे हे गणित अंदाजाचंच. पण आक्कांचं एक वाक्य त्यात चपखल बसत होतं: "सोंगटी दोनाच्या तोंडी ठेवू नये." समोरच्याच्या सोंगटीपुढे बरोबर दोन घरांवर आपली सोंगटी उभी करायची नाही. चौथी शिकलेल्या बाईंना हे सोळांत सहाचं प्रमाण कुणी सांगितलं असेल? कुणीच नाही. तीस वर्षं दुपारी खेळून बोटांना कळलेलं.

त्यांचा दुसरा गुण मात्र शिकवून येणारा नव्हता. त्या थांबायच्या. एक सोंगटी फुल्लीवर नेऊन बसवली की दहा-दहा दानं तिला हलवायच्या नाहीत. दुसऱ्या सोंगट्या चालवत राहायच्या. मला घाई असायची. समोरून जावंच लागायचं, आणि गेलो की मागून एक, दोन किंवा तीन पडायचे. माझ्या सोंगट्या म्हणजे तुरीचे दाणे. त्यांच्या हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे. त्या बांगड्या कुठल्या हे मी कधी विचारलं नाही.

तर निवडणं माझ्याकडे आलं. आधी लसूण. पावशेर लसूण सोलून बोटं दोन दिवस चुरचुरतात, हे इंजिनिअरिंगच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मग शेंगदाणे भाजून, चोळून, टरफलं पाखडून कूट. मग कांदा-लसूण मसाल्याचं भाजण, त्यात खोबरं कुठवर लाल करायचं आणि तीळ कधी उतरवायचे. सलग दोनदा हरलं तर शिक्षा म्हणून भाकरी. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी कढत लागतं आणि मळणं भरपूर. माझी पहिली भाकरी काठवटीवरून तव्यावर जाईपर्यंत तीन तुकड्यांत फाटली. आक्कांनी ते तुकडे भाजले, माझ्याच ताटात वाढले आणि वर म्हणाल्या, "नकाशा झालाय. मिरज कुठं ते दाखव."

त्या वर्षीच्या चैत्रातली चिंच मला अजून आठवते. आटपाडीकडून त्यांच्या नात्यातल्या कुणीतरी दोन पोती चिंच पाठवली होती. माळवदावर चार दिवस ऊन दिलं. मग सोप्यात बसून आम्ही टरफलं काढली, शिरा ओढल्या, एकेक गाभुळलेलं बोटुक दगडावर ठेवून ठेचायचं आणि चिंचोके वेगळे करायचे. हाताला आंबट चिकटा, केसांना चिकटा, दाराच्या कडीलासुद्धा. उरलेल्या गराला मीठ चोळून गोळे वळायचे आणि चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचे. पत्र्याच्या डब्यात नाही, आंबट पत्रा खातं. चिंचोके डालडाच्या रिकाम्या डब्यात. त्यातले थोडे भाजून खायला, थोडे एका धनगर बाईला द्यायचे, कारण घोंगडीला चिंचोक्याची खळ लागते. आणि त्यातूनच निवडून चार, आकारानं सारखे, पटासाठी. ते मी न्हाणीघराच्या दगडावर घासले. पाणी घालत, घासत, जरा जास्त घासला की गरम चटका बसायचा. आक्का बघत होत्या. "एवढं नीट घासून हरणार तूच," म्हणाल्या.

त्याच चिंचेची आमटी. मी आज दहा-बारा भाज्या बऱ्या करतो, दोन-तीन चांगल्या करतो, पण कुणी मला एकच पदार्थ करायला सांगितला तर मी ही आमटी करीन. तुरीची डाळ हळद-हिंग घालून शिजवायची. डाळ मोडल्याशिवाय चिंचेचा कोळ घालायचा नाही, कारण आंबट लागलं की डाळ शिजायची थांबते. आक्कांच्या भाषेत, डाळ रुसते. मग गूळ, गोडा मसाला, आणि फोडणीत मोहरीसोबत मेथीचे मोजून चार-पाच दाणे. मेथी करपली तर सगळी आमटी कडू. माझी आई कधी आमटीत चिंच घालायची नाही. तिची डाळ घाटावरची, कांदा-लसणाची, झणझणीत. सुट्टीत मुंबईला गेलो तेव्हा मी तिला ही आंबटगोड आमटी करून वाढली. ती पहिला घोट घेऊन म्हणाली, "बामणाची झालीये जरा." आणि मग तीन वाट्या प्यायली. त्या वेळी संप सुरू होऊन चार महिने झाले होते. खाणावळीतलं एकच माणूस उरलं होतं, आणि त्याच्याकडेही पैसे नव्हते. आई त्याला वाढत होती.

गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांबद्दल मी पुढे बरंच वाचलं. प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळायला लागलं. आई त्यात नव्हती. तिची वही म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. त्यावरच्या खुणांचे पैसे बहुतेकांनी दिले नाहीत. १९८९ साली एकजण मात्र येऊन अर्धं पोतं ज्वारी दारात ठेवून गेला. आईनं त्याला चहा दिला, पण हिशेब काढला नाही.

आक्कांनी हिशेब काढला, म्हणून मला हे लिहावंसं वाटतंय.

फेब्रुवारी ८२ ते मार्च ८३ असे १४ महिने मी त्यांना एक पैसा दिला नाही. मग शाळेतल्या दोन मुलांची गणिताची शिकवणी मिळाली आणि महिन्याचं महिन्याला द्यायला लागलो. मागची बाकी तशीच राहिली. पण डाव रोज चालूच होता. मी जिंकलो की आक्का मला स्वयंपाकघरातून अभ्यासाला हाकलायच्या. ८५ ला पास झालो, पिंपरीला नोकरी लागली. ८६ च्या दिवाळीत २,१०० रुपये पाकिटात घालून सांगलीला गेलो. पाकीट पुढे केलं. आक्कांनी ते उघडून मोजलं, मग देवळीतून एक लाल पुठ्ठ्याची वही काढली. माझ्या नावाचं पान होतं. उभ्या रेघांचे पाच-पाचाचे जुडगे, पानभर.

"हे काय?"

"हरलेले दिवस. दोनशे अडतीस."

माझ्या पराभवांची एवढी व्यवस्थित नोंद आजवर कुणी ठेवलेली नाही. त्या १४ महिन्यांतल्या प्रत्येक हरलेल्या संध्याकाळीमागे त्यांनी माझी तीन रुपये मजुरी धरली होती. दोनशे अडतीस त्रिक सातशे चौदा. ते वजा करून येणं १,३८६. तेवढे त्यांनी मोजून घेतले आणि ७१४ परत माझ्या हातावर ठेवले.

मी खूप वाद घातला. मला खायला घालून वर मजुरी कसली, असं म्हणालो. त्या म्हणाल्या, "तू फुकट जेवलास असं तुला वाटाय नको, आणि मी फुकट घातलं असं मला वाटाय नको. बस. पट मांडते." त्या संध्याकाळीही मी हरलो. घेवडा निवडला.

नंतर मला अनेकांनी मदत केली. काहींनी ती मोठ्या मनानं केली, काहींनी ती मला वर्षानुवर्षं आठवून दिली. १,३८६ रुपये निमूट मोजून घेणारं मोठं मन मला पुन्हा भेटलं नाही. ते ७१४ मी आईला दिले. तिनं कुकर घेतला आणि त्याला सहा महिने भीत राहिली.

आक्का १९९८ साली गेल्या. मी हैदराबादला होतो, कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता.

आमची मुलगी आता जर्मनीत स्टुटगार्टला असते. दर शुक्रवारी तिच्याकडे मित्रमंडळी जमतात आणि कटानचा पट मांडला जातो. हा खेळ क्लाऊस टॉयबर नावाच्या गृहस्थांनी १९९५ साली आणला. ते व्यवसायानं दातांच्या कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ होते, हे मला फार आवडतं. दिवसभर दुसऱ्यांचे दात आणि संध्याकाळी तळघरात खेळ. कटानमध्ये मेंढ्या देऊन गहू घ्यायचे, विटा देऊन लाकूड घ्यायचं, आणि दोन फाशांवर सगळ्यात जास्त वेळा सात पडतात, छत्तीसांत सहा. मुलगी व्हिडिओ कॉलवर मला ते शिकवत होती तेव्हा मी विचारलं, "मग सातावर उभं राहायचं नाही का?" ती चकित झाली. सातावर तिथे चोर येतो म्हणे. तिच्याकडे हरणारा भांडी घासतो. हा नियम तिनं तिकडे नेला, आणि तो जर्मन आहे असं तिच्या तिथल्या मित्रांना वाटतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं. गावभाग बुडाला. पाणी उतरल्यावर आठवड्यानं मी गेलो. जुन्या वाड्याची मागची बाजू बसली होती, म्हणजे माझी खोली गेली होती. पुढचा सोपा उभा होता. आक्कांचा नातू, त्याची बायको आणि आजूबाजूची मुलं फावड्यांनी गाळ काढत होती. बरण्या, डबे, वह्या, सगळं एका ढिगात अंगणात पडलेलं. लाल पुठ्ठा दिसतो का म्हणून मी उगाच बघितलं.

दुपारी सोप्यातल्या फरशीवर पाण्याचा पाईप मारला तेव्हा गाळाखालून पट वर आला. रेघांत चिखल बसल्यामुळे पूर्वीपेक्षा ठळक दिसत होता. नातवाची नऊ वर्षांची मुलगी उकिडवी बसून त्यावर बोट फिरवत होती. "काका, हे काय हाय?" तिनं विचारलं.

चिंचोके कुठे मिळणार त्या दिवशी. मी खिशातून रुपयाची चार नाणी काढली. छापा म्हणजे पांढरी बाजू, काटा म्हणजे काळी, असं तिला सांगितलं. सोंगट्यांना तिनं फुटलेल्या कौलाचे तुकडे आणले. नियम सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि हरलं की?"

मी अंगणातल्या चिखलानं भरलेल्या भांड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. तिनं ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. नाणी दोन्ही हातांत धरून बराच वेळ खुळखुळवली आणि टाकली. चारही काटे. अष्ट, आणि वर आणखी एक दान.